कुंपणावरची अमरवेल

महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीच्या गेटवर तो रोज सकाळी यायचा. पांढरेशुभ्र कपडे, काळा गॉगल आणि बसायला वॉचमनचीच खुर्ची. कामगार पुरवायचे, भंगार उचलायचं, कॅन्टीन चालवायचं, सगळी कंत्राटं गाववाला म्हणून त्याच्याकडे. त्याला काम करताना मात्र मी कधी पाहिलं नाही. चहा कॅन्टीनचा, पेपर वॉचमनचा. तंबाखूसुद्धा माळ्याची मळायचा आणि चुन्याची डबी परत द्यायला विसरायचा.

गेटजवळच्या कडू मेंदीच्या कुंपणावर अमरवेल चढली. मातीत मूळ नाही, अंगावर पान नाही, नुसते पिवळे दोरे. माळी ती ओरबाडून काढायला गेला, तर हा खुर्चीतूनच ओरडला, "हात लावायचा न्हाई! सोन्यावानी दिसतीय." मग तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून त्यानं फोटो काढून घेतला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तोच झळकला. दोघं एकमेकांना शोभत होते, एवढं मान्य करायला हवं.

उन्हाळ्यापर्यंत कुंपणाच्या काटक्या झाल्या. मागोमाग वेलही वाळली. मी बसची वाट बघत उभा होतो, तर मलाच विचारतो, "राव, मेंदी मेली ते दिसतंय. पर येल कशानं मेली?"

"खायला काही उरलं नाही तिला," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. काटक्यांत चाचपून एक ओला पिवळा दोरा शोधला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या कंपनीच्या हिरव्यागार कुंपणावर नीट पसरून ठेवला.