माझी कात्री

दुकानात गेलो तर माझी कात्री जागेवर नव्हती. मशीनच्या उजव्या हाताला भिंतीत खिळा होता, त्यावर ती टांगलेली असायची. मुठीला मी लाल चिंधी गुंडाळली होती, दुसऱ्या कुणाकडं गेली तरी ओळखू यावी म्हणून. मी मशीनखाली पाहिलं, चिंध्यांच्या पोत्यात हात घालून पाहिलं. मालक, म्हणजे अण्णा, कापडावर खडूनं खुणा करत होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि तिथंच मी काय ते समजलो.

निपाणीकडं ज्या दुकानात मी शिलाई शिकलो, तिथं कारागिराला उद्यापासून येऊ नको असं तोंडानं कुणी सांगत नसे. मालक त्याची कात्री उचलून आत ठेवायचा. कारागीर येऊन रिकाम्या जागेकडं बघायचा आणि मुकाट्यानं पिशवी भरायला लागायचा.

पाचवीत शाळा सुटलेली, गाव दूर, आणि बेंगळूरसारख्या शहरात बसवनगुडीतल्या त्या एका दुकानाबाहेर मला ओळखणारं कुणी नाही. अण्णांचे पूर्वज कुठल्या काळी इकडं आले ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरात मराठी बोलत, पण तिच्यात निम्मी कन्नड. पहिल्या दिवशी त्यांची मराठी ऐकून मला हसू आलं होतं, आणि माझी ऐकून त्यांना. दुकानामागं त्यांचं घर. मी माडीवर, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी झोपायचो.

कात्री जाण्याआधी काही महिने माझं बिनसलं होतं. छातीत धडधड, तळहाताला घाम, सुईत दोरा जाईना. मशीन थांबलं की पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, म्हणून मी विनाकारण पायडल मारत बसायचो. जेवण जाईना. सकाळी उठून काय करायचं, हा प्रश्न डोळे उघडायच्या आधीच उभा असायचा. मार्केटातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून काही नाही म्हणून सांगितलं आणि लाल औषधाची बाटली दिली. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं दंडाला दोरा बांधायला लावला. बाटली संपली, दोरा मळला. घरी मात्र सगळं ठीक आहे असंच कळवत होतो. कळवून तरी काय, आई तिकडं स्वतःच आपल्या भावाच्या दारात.

अक्कानं, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, माझं ताट झाकून ठेवायचं सोडून दिलं आणि एक दिवस समोर बसली. गावाबाहेर मोठं सरकारी इस्पितळ आहे, मनाच्या दुखण्याचं, तिथं गरिबाला फुकट बघतात, आपण जाऊ, असं म्हणाली. मला ते इस्पितळ ऐकून ठाऊक होतं. अण्णांचा भाचा दुकानात दुसऱ्या मशीनवर बसायचा. तो म्हणाला होता, तिथं आत जाताना नाव विचारतात, बाहेर येताना विचारायची पाळीच येत नाही. भाच्याच्या मशीनचा पट्टा सारखा तुटायचा आणि माझं मशीन नवं होतं, हेही माझ्या लक्षात होतं.

तरी गेलो. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो. जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात, अक्का माझ्या शेजारी पदर घट्ट धरून बसली होती, आणि मी घोड्याच्या कानांकडं बघत परतीची वळणं पाठ करत होतो.

खिडकीवरच्या माणसानं कन्नडात विचारलं, घरचं माणूस कोण? घरच्या माणसाशिवाय पेशंट घेत नाहीत, असा तिथला नेम. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मी. याची अक्का."

सगळं दुकान तिला अक्काच म्हणायचं, म्हणजे ती खोटं बोलली असं नाही. पण मी बाहेरचं दार कुठं आहे ते बघून घेतलं. बहीण म्हणून उभी राहिली की बहिणीच्या शब्दावर मला आत ठेवून घेतील. हिनं हे आधीच ठरवलं असणार. नाहीतर परक्या पोरासाठी कोण एवढी रांग लावतं?

डॉक्टर हळू बोलत होते. झोप, भूक, घर, सगळं विचारलं. मग विचारलं, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का? मी नाही म्हणालो. ते थोडा वेळ माझ्या हातांकडं बघत राहिले. मग मला बाहेर बसायला सांगून अक्काला आत ठेवलं. दाराच्या फटीतून तिचं डोकं दिसत होतं. ती सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत मान हलवत होती. काय कबूल करत होती कोण जाणे.

मला ठेवून घेतलं नाही. गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. मी मनात म्हटलं, इथं गर्दी आहे म्हणून. घरी नेऊन करतील काय करायचं ते. दुसऱ्या सकाळी कात्री गेली.

पिशवी भरून ठेवली, पण पगाराआधी निघता येईना. त्यानंतर मला तुरपाई, काज, बटणं एवढंच काम. कापड कापलेलं समोर यायचं, दोरा दातानं तोडायचो. दुकानात मला कुणाचीच कात्री दिसेना, मग मला वाटलं की माझ्यापासून लपवून कापतात, हा आपला काप शिकून घेईल म्हणून. गोळ्यांची पुडी अक्काकडं. ती एकेक गोळी हातावर ठेवायची आणि पाणी पिऊन होईपर्यंत हलायची नाही. पहिल्या गोळ्या मी गालात धरून खिडकीतून थुंकल्या. मग एकदा चुकून गिळली आणि कितीतरी दिवसांनी झोप लागली. पुढं गिळत गेलो, पण झोपायच्या आधी सगळं सामान भरलेली पिशवी उशाखाली घेऊन. दसरा झाला की पगार घेऊन निघायचं, हे पक्कं केलं होतं.

आयुधपूजेच्या दिवशी, आपल्या खंडेनवमीला, दुकानातली सगळी हत्यारं देवीपुढं मांडतात. मशीनं धुऊन-पुसून त्यांना कुंकू आणि शेवंतीचे हार. टेप, सुया, इस्त्री, सगळं ओळीनं. एकही हत्यार पूजेबाहेर राहून चालत नाही. अक्का आतून ट्रंक उघडून पदरात काहीतरी घेऊन आली आणि कात्र्या मांडायला लागली. अण्णांची मोठी, भाच्याची, आणि तिसरी लाल चिंधीची.

मी म्हटलं, "ही तुमच्या ट्रंकेत कशी?"

अण्णा भाच्याकडं बघायला लागले. अक्का कुंकू लावत होती, ती लावतच राहिली.

"डॉक्टर विचारले, हा काम काय करतो. मी म्हटलं, शिंपी. तर म्हणाले, नीट जेवायला-झोपायला लागेपर्यंत धारेची वस्तू याच्या हाती नको."

"मी तर नाही म्हणालो होतो त्यांना."

"तू नाही म्हणालास," अक्का म्हणाली, "खरं काय ते मला सांगितले त्यांनी."

भाचा म्हणाला, "तुझ्यापायी आम्ही सगळं कापड पहाटे मागं स्वयंपाकघरात कापतोय, राजा. चुलीपुढं. माझ्या शर्टाला फोडणीचा वास येतो, बायको संशय घेते."

कुणी हसलं नाही, मग अण्णा हसले. मी हसलो की नाही, आठवत नाही. मी खाली बसलो एवढं आठवतं. जे मी कुणापाशी उच्चारलं नव्हतं, ते एका अनोळखी माणसानं माझ्या हातांवरून वाचलं होतं, आणि या तिघांनी ते तोंडावर न आणता स्वयंपाकघरात कापड कापलं होतं. रस्त्यावर कोहळा फोडला, प्रसाद वाटला. अक्का म्हणाली, स्वल्प खा. मी पानातलं सगळं खाल्लं.

पूजेच्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. कात्र्या पुन्हा ट्रंकेत गेल्या. त्यानंतरही अक्का माझ्याबरोबर इस्पितळात आली, पुन्हा आत बसली, पुन्हा सरी म्हणाली. पिशवी अजून उशाखालीच होती, पण तिच्यात आता फक्त सदरे होते. निघायच्या तयारीनं बांधून ठेवलेल्या वळकटीची दोरी मी सोडली होती.

मग एका सकाळी अण्णांनी कात्री मुठीकडून माझ्यापुढं धरली. मी आधी चिंधी पाहिली, मग पात्याला अंगठा लावला. धार नवी होती. कुणी वापरली की काय, हे मनात आलंच.

"धार लावून आणली," भाचा मशीनवरून म्हणाला. "लोणी कापत होतास का रे तिनं इतके दिवस?"

अण्णांनी पोपलिनचा तुकडा पसरला, बाहीची खूण केली आणि म्हणाले, "काप."

मी कापायला लागलो. खूण सुटली नाही. अण्णा माझ्या पाठीमागं उभे होते. गिऱ्हाईक आलं तरी हलले नाहीत, त्याला हातानंच थांब म्हणाले. ते पहारा करत होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. बाही कापून होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.