पार्वताबाईचे शेअर

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. बाकी सगळं तिला सांगितलं — न सांगण्यासारखंही सांगितलं — पण हे ओठापर्यंत यायचं आणि मी पाणी मागायचो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही पार्वताबाईला पाहिलेलं नाही, म्हणूनच असेल.

जमीनदाऱ्या नुकत्याच गेल्या होत्या. अहेरी तेव्हा चांदा जिल्ह्यात. मी तिथं एका लाकूड कंपनीत कारकून होतो. कंपनी जंगलातून साग आणायची, आणि तिचीच आरामशीन होती, तिच्यावर तो चिरायची. मॅट्रिकपुरतं इंग्रजी येत होतं, त्यामुळे गावात मला मान होता. एकटाच राहायचो. दोन्ही वेळचं जेवण पार्वताबाईच्या खानावळीत.

तिचा नवरा सोमाजी मिस्त्री. आरामशीन त्यानंच बसवलेली — पट्टे, चाकं, पातं, सगळं. कंपनी निघाली तेव्हा गावातल्या लोकांनाही तिचे शेअर विकले होते, आणि सोमाजीनं साठवलेलं सगळं त्यात घातलं. पुढं तो तापानं गेला. मागं राहिली बाई, ते शेअर, आणि मुलगी शांता. शांताला बाईनं चांद्याला शिकायला ठेवलं होतं. मास्तरीण करायचं तिच्या मनात होतं. मला वाढताना सांगायची — माझी शांता खुर्चीवर बसंल जी, बाबू, तुमच्यावानी.

मी अडखळतोय, कळतंय मला.

शेअर माझ्याजवळही होते. वडिलांनी घेऊन दिलेले. ते मी विकले — कशासाठी? सायकलसाठी! हिरवी, नवी कोरी सायकल. लाकडाचा व्यापारी रामय्याशेठ शेअर गोळा करत फिरत होता. मी त्याला देऊन टाकले आणि घंटी वाजवत बाजारातून फिरलो. बाईलाही दाखवली. तिनं सायकलला हळदकुंकू लावलं.

आठवडाही गेला नसेल, नागपूरहून नोटीस आली. कंपनीनं आरामशीन वेगळी काढून तिची नवी कंपनी करायचं ठरवलं होतं. भाऊ वेगळे निघाल्यावर एका घरात दोन चुली होतात, तसंच म्हणा ना. पण नव्या कंपनीचे शेअर बाजारात विकायचे नव्हते. जुन्या कंपनीच्या एकेका शेअरमागं नव्या कंपनीचा एक शेअर, फुकट. जुना शेअर जागच्या जागीच राहणार. अट एकच — ठरलेल्या दिवशी कंपनीच्या दप्तरात ज्याचं नाव असेल, त्यालाच. त्याआधी ज्यानं विकले, त्याच्या वाट्याला काही नाही. विकत घेणाऱ्याला दोन्ही.

रामय्याशेठला वास आधीच लागला होता, हे तेव्हा कळलं.

नोटीस मीच भिंतीवर चिकटवली. गुपित नव्हतंच काही. इंग्रजीत होती, एवढंच. मॅनेजर म्हणालेही होते — कुणी विचारलं तर समजावून सांगा. ऐकताय ना? मला सांगायला सांगितलं होतं.

आणि बाई विचारायला आली.

दुपारची वेळ. पदरानं तोंड पुसत ती टेबलाशी उभी राहिली. "बाबू, शेठ मले भाव चांगला देऊन राह्यला. शांताची फी बी भराची हाये. तुमी कंपनीतले मानूस. इकू का ठेवू?"

त्या क्षणी मनात काय आलं, ते जसंच्या तसं सांगतो. माझं गेलं — मग हिचं का राहावं? तेही माझ्याच तोंडून कळून राहावं? मी मूर्ख ठरायचं आणि खानावळवालीनं शहाणं व्हायचं? बस्स. कुणाची भीती नव्हती, दडपण नव्हतं, शेठनं मला सुपारीचं खांडही दिलेलं नव्हतं.

"इका ना बाई," मी म्हणालो, "कागद का चाटाचे हायेत? मी बी इकलेच ना."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी शेठबरोबर आली. तिचा अंगठा शाईवर मीच दाबला. साक्षीदार म्हणून सही माझी. ठरलेला दिवस अजून लांब होता — तोवर रोज दोन वेळा तिच्या हातचं जेवलो. एकदा तरी बोलायचं होतं! बोललो असतो तर तिनं शेठशी भांडून ते परत मिळवलेही असते. नसते मिळाले, तर निदान भांडली असती. मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो.

नव्या कंपनीला रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरांचं काम मिळालं. आरामशीन दिवसरात्र चालू लागली. नफ्याचा वाटा रामय्याशेठकडं जाऊ लागला. बाईला मिळालेले पैसे फीत आणि खानावळीचं छप्पर शाकारण्यात संपले. शांता शाळा अर्धी सोडून परत आली आणि चुलीपुढं बसली.

नव्या कंपनीच्या पहिल्या सभेला भागधारकांचं जेवण होतं. स्वयंपाक पार्वताबाईकडंच. आरामशीनच्या अंगणात पंगत बसली, ती वाढत होती. सोमाजीच्या हाताखाली राबलेला एक म्हातारा सुतार — त्याचेही थोडे शेअर होते — पानावरून म्हणाला, "बाई, काऊन इकले तुमी? आज तुमी बी पंगतीत बसल्या असत्या. नवे शेअर फुकट भेटनार हायेत, हे बाबूले तं मालूम होतं."

बाईच्या हातातला वरणाचा पळा थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पंगतीच्या टोकाला, पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

"त्याइले कुठी मालूम होतं जी," ती म्हणाली. "मालूम असतं तं त्याइनं आपलेच काऊन इकले असते?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी मान हलवली. हो म्हणून.

त्या दिवसापासून ती मला जास्तच जपू लागली. दोघंही सारखेच बुडालो, असं तिला वाटायचं. तूप माझ्या भातावर अंमळ जास्त पडायचं. मी ते खाल्लं. चांद्याला बदली होईपर्यंत खाल्लं.

काही वर्षांनी शांताचं पत्र आलं. आई अंथरुणावर आहे, तुमची आठवण काढते, एकदा येऊन जा. मी उत्तर लिहिलं — रजा मिळत नाही.

रजा मी मागितलीच नव्हती.