झोपाळ्याला कुठली मोटर लावू?

माफ करा मंडळी, सकाळची गोष्ट आता संध्याकाळी लिहितोय. मन थाऱ्यावर नव्हतं.

घरातला लूम, म्हणजे यंत्रमाग, विकल्यापासून माझ्या बायकोला, पार्वतीला, झोप लागत नाही. चाळीस वर्षं ती खटखट ऐकतच झोपलेली. आता झोपाळ्यावर हलके झोके दिले तरच डोळा लागतो. माझे हात थकले, म्हणून आज लूमची, विकताना ठेवून घेतलेली, जुनी एसी मोटर झोपाळ्याला जोडली. आधी उशी ठेवून पाहिली. उशी उडून थेट दारात!

पार्वती म्हणाली, "मला झुलवायचं हाय का कापड काढायचं हाय?"

टेमघरचा मिस्त्री सलीम हसला. "काका, साधी एसी मोटर एकाच स्पीडनं पळते. डीसी घ्या. पाहिजे तेवढी हळू होते, लाइट गेली तरी बॅटरीवर चालते. फक्त तिचे कार्बन ब्रश झिजतात, ते बदलावे लागतात."

तेव्हापासून तेच मनात झुलतंय. अर्धवट झोपेत पार्वती पुटपुटते, "खाडीत होडी चाललीय." ती होडी थांबायला नको. पण माझ्यामागे ब्रश कोण बदलणार? एसीच हळू करता येते का?

तोवर हातानंच झोका देतोय. कुणाला ठाऊक असेल तर लवकर कळवा.