लेकीचं पहिलं वाक्य

आमच्या बोरीवलीच्या घरी गणपतीत आरती म्हणजे पाऊण तास, आणि टाळ असे की खालच्या मजल्यानेही हात जोडावेत. आम्ही कोकणातले, त्यात माघार नाही. त्या वर्षी माझी लेक चार वर्षांची होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती. माझा जीव तुटायचा. आई म्हणायची, तुझा काकाही पाच वर्षं गप्प होता, आता थांबवून थांबत नाही.

आरती सुरू झाली आणि लेक कान झाकून किंचाळायला लागली. पाहुणे बघू लागले. मला शरम वाटली. मी तिची दोन्ही मनगटं खाली ओढली आणि आरती संपेपर्यंत घट्ट धरून ठेवली. वर दरडावलं, "कान सोड. देवासमोर नाटकं नकोत."

दिवाळीनंतर एका सकाळी बायकोने मिक्सर लावला आणि लेक स्पष्ट म्हणाली, "कान सोड. देवासमोर नाटकं नकोत." माझाच सूर, माझीच जरब. भाऊ हसून म्हणाला, सेम तुझी कॉपी रे. मी आनंदाने वेडा झालो. अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले.

दुसरं वाक्य मात्र आलंच नाही. शेवटी तपासणी केली, ऑटिझम निघाला. थेरपिस्ट बाईंनी एकेक शब्द समजावला. आपल्याला साधा वाटणारा आवाज तिला अक्षरशः दुखतो. तो असह्य झाला की होतो तो मेल्टडाऊन, हट्ट नव्हे. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं, ते इकोलालिया. मग त्यांनी विचारलं, हे वाक्य ती कधी म्हणते? बायको म्हणाली, मिक्सर लावला की, कुकरची शिट्टी झाली की, फटाके वाजले की.

बाई हळूच म्हणाल्या, "त्रास होतोय हे सांगायला तिच्याकडे तेवढंच वाक्य आहे."

त्याच वाक्याचे पेढे वाटणारा बाप मी.

त्यांनी उपायही सांगितला. मोठा आवाज झाला की तिचे कान आपण झाकायचे आणि म्हणायचं, आवाज मोठा आहे. बायको तसं करते. लेक तिला बिलगून शांत होते. मीही रोज करून बघतो. पण माझे हात पुढे आले की ती कानांवरचे हात काढते आणि मनगटं पाठीमागे लपवते. मिक्सर चालूच असतो.