खाणीच्या तळ्याचा घाट

कोणताही नकाशा हातात आला की ताई तो आधी उलटा धरायच्या. "उलटा धरला की खोटं लवकर दिसते," म्हणायच्या. लग्नपत्रिकाही तशीच बघायच्या. एकदा त्यात वराच्या आजोबांचं नाव दोनदा छापलेलं सापडलं, तर भर मांडवात वरपक्षालाच जाऊन सांगितलं!

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, तेव्हा शंकर नगरच्या आमच्या कार्यालयात त्या नकाशे काढायच्या आणि मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करायची. एरवी बोलणं निम्मं हिंदीत, पण संतापल्या की त्यांच्या पुरानी बस्ती मोहल्ल्याचं शुद्ध मराठी. साहेबांना ते अर्धवटच कळायचं, पण पोचायचं पुरतं.

शहराबाहेर फरशीच्या दगडाची जुनी खाण होती. काम थांबलं, पंप बंद झाले, खड्डा पाण्यानं भरला. तिथे तळं, बाग, नावा असं करायचं ठरलं. ताई खूश झाल्या. पण साहेबांच्या कच्च्या आराखड्यात अंघोळीचा घाट रस्त्याच्या बाजूला होता. ताईंनी कागद उलटा धरला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"मी हे काढून नाही राहिली."

"क्यों?"

"खाणीचा जुना नकाशा मीच काढला होता. इथं कडा सरळ तुटला आहे. शेवटच्या पायरीवरून पोरानं पाय टाकला तं खाली काहीच नाही. ट्रक चढायचे त्या उतारावर घाट न्या."

"वहां सड़क से घाट नहीं दिखेगा, दीदी. आप बस नकल उतारिए."

"हव. मंग तुमीच उतारा."

आठवड्याभरात त्यांच्या बदलीचा आदेश निघाला. अभनपूर. तो टाइप करायची पाळी माझ्यावरच आली. माझे डोळे भरले.

"काहून रडून राहिली? माझ्या नावातली मात्रा चुकली, पाहा."

साहेब म्हणाले, लेखी माफी मागा, बदली थांबवतो. ताई म्हणाल्या, "चूक कोणती ते आधी तुमी लिहून द्या."

बसनं त्या रोज अभनपूरला जाऊ लागल्या. एका रविवारी घाटाची आखणी होती, रस्त्याच्याच बाजूला. ताई मला घेऊन तिथे थडकल्या. साहेब आणि ठेकेदार उभे होते, जमिनीवर चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. ताई रेघ ओलांडून काठाशी गेल्या. पिशवीतून काथ्याची दोरी काढली, टोकाला दगड बांधून पाण्यात सोडली. तीस हात दोरी संपली. दगड टेकला नाही.

"दीदी, हटिए वहां से!"

"हटते. आधी हे टोक धरा."

साहेबांनी धरलं. दगडाचं ओझं हाताला लागत होतं. त्यांचा चेहरा उतरला. दोरी न सोडताच ते ठेकेदाराला म्हणाले, "लाइन मिटा दो."

घाट उतारावर झाला. उद्घाटनाला ताईंना बोलावणं नव्हतं. बदलीही रद्द झाली नाही. अभनपूरहूनच त्या निवृत्त झाल्या. मी एकदा विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. त्या बसनं कंबर मोडली माझी. पण ते पुन्हा सांगतीन तं मी पुन्हा नाही काढणार."

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नसते. बाया लेकरांना कमरेइतक्या पाण्यात उभं करून डोकी धुतात, लेकरं बोंबलतात. समोर तो सरळ कडा तसाच आहे, कुणी हात लावलेला नाही. त्याच्या कपारींत पाकोळी पाखरांनी मातीची घरटी केली आहेत. दिवसभर ती तिथून सुटतात, पाण्याला टेकल्यासारखी जातात आणि पुन्हा वर चढतात.