साडूंकडचं पावणं

आमच्या साडूंनी आयुष्यात कुठल्याही पाहुण्याला दुसऱ्या चहासाठी थांबवलेलं नाही. घोडेगावच्या अलीकडे उसाच्या मळ्यात त्यांची वस्ती आहे. आपण कप खाली ठेवतो न ठेवतो तोच ते विचारतात, "मंग, कितीच्या एस्टीनं निघताय?" थांबा म्हणायचं काम माझ्या मेव्हणीचं होतं. ती गेल्यावर ते काम कोणी करेना.

अशा माणसाकडे त्यांची मुलगी जर्मनीला नोकरीला जाताना आपलं मांजर ठेवून गेली. पंधरा दिवसांत न्यायची सोय करते म्हणाली. त्याला दोन वर्षं होत आली. मांजराची जात मेन कून, मूळची अमेरिकेतल्या बर्फाच्या मुलखातली. साडूंचा ऐकीव माहितीवर विश्वास नाही. जन्मभर आळेफाट्याला पंपाच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्यामुळे वस्तू आधी उलटीसुलटी करून बघायची सवय. त्यांनी मांजर कांद्याच्या काट्यावर ठेवलं. भरलं आठ किलो. शेपूट केरसुणीएवढी, कानांवर केसांचे झुबके. "एवढ्या ऐवजाला अरे-तुरे कसं करायचं?" म्हणून ते त्याला अहो-जाहो करू लागले. मुलीने ठेवलेलं इंग्रजी नाव तोंडात बसेना, पंधरा दिवसांसाठी आलं म्हणून नाव पडलं 'पावणं'.

पावणं म्याव करत नाही, चिमणीसारखं "टिर्र" करतं. पाणी पिण्याआधी बादलीत पंजा घालून ढवळून बघतं. "मालकासारखंच, खात्री केल्याबिगर काय न्हाई," असं माझी बायको म्हणाली, तर साडूंना ते कौतुक वाटलं. केसांच्या गाठी होतात म्हणून ते रोज त्याला विंचरायला बसतात. फणी मेव्हणीची आहे.

गेल्या आठवड्यात एका दुपारी आम्ही दोघं गेलो, तर साडू बांधावरून ओरडत होते, "ओ पावणं! जेवाय चला!"

"आलो की," मी म्हटलं.

"तुमी न्हाई. सकाळपासून पावणं घरात न्हाई."

शोधता शोधता उन्हं कलली. शेजारच्या मळ्यात ऊसतोड थांबली होती आणि सगळी टोळी रस्त्यावर उभी होती. आमच्या भागात उसात बिबट्याचं पिल्लू सापडलं की काय करायचं हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. ते क्रेटखाली झाकायचं, वनखात्याला कळवायचं आणि लांब व्हायचं. अंधार पडला की आई येऊन घेऊन जाते. मुकादम म्हणाला, "पिल्लू घावलंय भाऊ. तोंड नाय दिसलं, पण शेपूट लई झुबकेदार."

साडूंचा चेहरा उतरला. त्याच उसात दोन दिवसांपूर्वी बिबटीण दिसली होती. ती आली असती तर क्रेटखाली तिला लेकरू नव्हे, जेवण सापडलं असतं.

"ते मांजर हाय आमचं."

टोळी हसली. "एवढं मांजर असतंय व्हय? तात्या, फुडं जाऊ नका. त्याची आई येईल."

"त्याची आई जर्मनीला हाय," साडू म्हणाले आणि चालू लागले.

मुलगी फोनवर त्या मांजराची मम्मी होऊन बोलते, हे मुकादमाला काय माहीत? तो मला हळूच म्हणाला, "ह्यांना ऊन लागलं काय हो?" टोळीने बोलावलेला वनरक्षक मागे फिरा म्हणून हाका मारत राहिला. उभ्या उसाच्या कडेला, मावळत्या उजेडात, साडू क्रेटपाशी वाकले.

"पावणं, जेवला का?"

"टिर्र."

पाचटाने भरलेलं ते आठ किलोंचं धूड खांद्यावर घेऊन साडू परत आले तेव्हा वनरक्षकाने टोपी काढून डोकं खाजवलं.

"आमचा अर्धा दिवस मोडला की तात्या," मुकादम म्हणाला.

"मंग घरी चला."

साडूंनी माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. मेव्हणी गेल्यानंतर ते पहिल्यांदाच चुलीवर चढलं. सगळ्या टोळीला चहा झाला, टोळी गेली. माझी बायको बहिणीच्या फणीने पावण्याच्या अंगातलं पाचट काढत बसली. साडू तिकडे बघत म्हणाले, "पोरीचा फोन आला व्हता. कागद झालं सगळं. फुडच्या महिन्यात न्यायला येती."

शेवटच्या एसटीची वेळ झाली होती, म्हणून मी सवयीने उठलो.

"बसा राव," साडू पातेलं विसळत म्हणाले. "अजून एक चहा टाकतो."

आम्ही बसलो. थोड्या वेळाने रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला. साडूंनी तिघांपुढे कप ठेवले, आणि चौथ्यासाठी बशीत थोडं दूध ओतलं.