द्राक्ष-सब्जाचा जॅम केलेल्या सगळ्यांसाठी

दोन महिन्यांपूर्वी मी या ग्रुपवर काळ्या द्राक्षांचा जॅम टाकला होता. द्राक्षं साखरेत दहा मिनिटं शिजवायची, खाली उतरवून भिजवलेला सब्जा घालायचा. टोस्टवर मस्त लागतो, असं बऱ्याच जणींनी लिहिलं होतं.

तो मी आईसाठी करत होते. तिचं तोंड आलं होतं, तिखट सहन होत नव्हतं. उष्णता असेल म्हणून सब्जा. टोस्टच्या कडा काढून जाड थर लावून द्यायचे. "लय गार वाटतं गं," म्हणायची, की मी पुढची बाटली भरायला घ्यायचे.

आज सकाळी तिला तोही टोस्ट चावेना, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट फिरवलं. "मावशी, तंबाखूची मिश्री किती वर्षं लावताय?"

"लग्नाच्या आधीपासून."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही इतके दिवस काय करत होता?"

जॅम करत होते, हे मला सांगता आलं नाही.

गालातला तुकडा काढून तपासायला गेलाय. पण आईला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आत थांबवलं, तेव्हाच कळलं.

रिक्षात आई म्हणाली, "ती बाटली संपवून टाक. मुंग्या लागतील."

घरी हे लिहवेना, म्हणून सायबर कॅफेत येऊन बसलेय.

तुमच्यापैकी कोणी हा जॅम घरातल्या कोणाचं तोंड आलंय म्हणून करत नाही ना?